परत घसा?

तीन वर्षं आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द म्हणजे ‘परत?’. लेक शाळेतून यायची, दप्तर टाकायची, गळ्याला हात लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि मी कणीक मळता मळता मान वर न करता विचारायचे, ‘परत?’ ती मान हलवायची. मग मी एक सुस्कारा सोडायचे, तोही समोरच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल असा, आणि हात धुवायला जायचे. मला वाटायचं, एवढा सुस्कारा सोडायचा हक्क आईला असतोच.

लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. नवऱ्याची केंद्र सरकारची बदलीची नोकरी, त्यामुळे नागपूर, विशाखापट्टण करत करत आम्ही कलकत्त्याला येऊन पडलो होतो. त्याचं ऑफिस खिदिरपूरला, गोदीच्या बाजूला, आणि आमचा भाड्याचा फ्लॅट तिथून ऑटोने पंधरा मिनिटांवर. शहराबद्दल माझी तक्रार नाही. भाजी ताजी मिळते, माणसं बोलकी आहेत, शाळा बरी आहे. पण इथे आल्यापासून पोरीच्या घशाने जे मागे लावून घेतलं, त्याने माझ्या नाकी नऊ आणले. दर महिना-दीड महिन्याला ताप, गिळताना कळ, मानेला गाठी, तीन दिवस शाळा बुडाली. चौथ्या दिवशी बाई ठणठणीत, आणि पाचव्या दिवशी मैत्रिणींबरोबर फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खायला तयार.

घसा हा असा अवयव आहे की ज्याच्याबद्दल मत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, निवृत्त शिक्षिका, स्वभावाने सोन्यासारख्या, पण त्यांचं निदान बारा महिने एकच: थंडी लागली. एप्रिलच्या उकाड्यात आपण घामाने निथळत असताना त्या म्हणायच्या, घाम अंगावर वाळला, म्हणजे थंडी लागणारच. नोव्हेंबर उजाडायच्या आत त्यांनी पोरीसाठी माकडटोपी आणून दिली. तेरा वर्षांच्या मुलीला माकडटोपी. तिने ती घेतली, ‘थँक यू माशीमा’ म्हणाली आणि ती टोपी पुन्हा कुणालाही दिसली नाही.

साताऱ्याहून सासूबाईंचं मत, तिथलं पाणी बाधतंय. त्या व्हिडिओ कॉलवर नातीला आ करायला लावायच्या आणि फोन डोळ्याला लावून सांगायच्या, ‘अगं, लालभडक दिसतोय.’ त्यांच्या फोनवर माझी पिवळी साडीसुद्धा लालच दिसते, पण हे त्यांना कोण सांगणार. नवऱ्याचं मत, एसीमुळे होतं. एसी अठरावर ठेवून झोपणारा माणूस तोच. वर्गशिक्षिकेने कळवलं की मुलगी अभ्यासाचा ताण घेते. प्रगतिपुस्तक पाहिलं असतं तर हे निदान त्यांनी आपणहून मागे घेतलं असतं.

मी सगळ्यांचं ऐकलं. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस आणि मध झाला. पाणी उकळून गाळलं. एक डॉक्टर म्हणाले धुळीची ॲलर्जी, म्हणून मी घरातले सगळे पडदे धुतले, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. दुसरे म्हणाले पित्त घशाशी येतं, म्हणून महिनाभर आमटीत मिरची घातली नाही. नवऱ्याचा चेहरा त्या महिन्यात बघण्यासारखा झाला होता. घसा मात्र ठरल्या वेळी, पाहुण्यासारखा, हजर.

इथे औषधाच्या दुकानामागे डॉक्टरांची छोटी खोली असते, तिला चेंबर म्हणतात. सकाळी जाऊन वहीत नाव लिहायचं, संध्याकाळी जाऊन बसायचं. अशी चार चेंबरं आम्ही पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी टॉर्च, ‘आ कर’, तीन सेकंद, आणि सात दिवसांची अँटिबायोटिक. आधीचे कागद पुढे केले तर वरचा एक बघायचे आणि नव्या कागदावर नवं लिहायचे. दोघांनी मात्र घशातून कापसाची काडी फिरवून ती लॅबला पाठवली. जंतू असतील तर दोन दिवसांत लॅबमध्ये वाढतात म्हणे. दोन्ही वेळा रिपोर्ट कोरा. जंतू नाहीत. मग ताप काय हौसेने येत होता? हे मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल. हा शब्द मला आता शिवीसारखा वाटतो.

आता डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, औषधांचा. माझे वडील बँकेत होते, त्यांच्याही बदल्या व्हायच्या आणि माझ्या आईकडेही असाच डबा होता. बदलीवाल्या घरात हा डबा देवांच्या खालोखाल. नव्या गावात सामान लागायच्या आधी आजारपण येतं, डॉक्टर माहीत नसतो, दुकान माहीत नसतं, तेव्हा डबा उपयोगी पडतो. म्हणून औषध कधी टाकायचं नाही. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पोरीला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, की उरलेल्या डब्यात. उगाच पोटात विष कशाला घालायचं, असं आई म्हणायची, मीही म्हणते. नवरा सरकारी माणूस, त्याने प्रत्येक पाकिटावर मार्करने नीट लिहून ठेवलं होतं: ‘पोट’, ‘ताप’, ‘घसा’. ‘घसा’ लिहिलेली पाकिटं सगळ्यात जास्त. कुणी आलं की मी तो डबा दाखवायचे, इतका मला त्याचा अभिमान होता.

शेवटी वैतागून न्यू टाउनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या सर्जनला दाखवलं. सगळं काचेचं, लिफ्टसुद्धा काचेची. सर्जन सभ्य होता. त्याने कागदांची चळत चाळली, इतक्या वेळा अँटिबायोटिक झालंय म्हणाला, घसा पाहिला आणि सांगितलं की टॉन्सिल्स काढून टाकू. दुर्गापूजेच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी करू, म्हणजे शाळा बुडणार नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच हो म्हणाले. एकदाचा कुणीतरी निकाल लावत होता.

परतताना टॅक्सीत लेक बोटांवर दिवस मोजत होती. त्या वर्षी अष्टमीला मैत्रिणींबरोबर, मोठं कुणी बरोबर न घेता, पंडाल बघत फिरायची परवानगी तिने चार महिने भुणभुण करून मिळवली होती. ऑपरेशन म्हणजे दोन आठवडे घरात, थंड दूध आणि मऊ भात.

‘आई, हे करायलाच पाहिजे?’ तिने विचारलं.

‘तुझ्याच भल्यासाठी आहे,’ मी म्हणाले. ‘की आयुष्यभर हेच करत बसायचं?’

ती बाहेर बघत बसली. भीती वाटते का, असं मी तिला विचारलं नाही. मी मनात सुट्टीचं वेळापत्रक मांडत होते.

माशीमांना ऑपरेशनचं कळलं आणि त्यांनी माझं डोकं खाल्लं. गळ्याला सुरी लावायच्या आधी त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना दाखवाच. वय सत्तरीपुढे, मुलांच्या डॉक्टर, तीन गल्ल्या सोडून चेंबर आणि वरच घर. मी नको म्हणत होते. सहाव्या टॉर्चची मला हौस नव्हती. पण माशीमा स्वतः सकाळी जाऊन नाव लिहून आल्या, मग काय करणार.

डॉक्टरबाईंनी टॉर्च काढलाच नाही. आधी हिंदीत विचारत बसल्या. शेवटचं दुखलं ते कधीपासून? खोकला होता? नाक वाहत होतं? आवाज बसला होता? ताप आधी आला की दुखणं आधी? त्याच्या आधीच्या वेळी?

‘सारखंच दुखतं हो हिचं,’ मी म्हणाले.

‘सारखं म्हणजे किती?’

मला सांगता येईना. मी, जिला घरातल्या प्रत्येक डाळीचा साठा तोंडपाठ, तिला पोरीच्या दोन आजारपणांमधला फरक सांगता येईना. त्या म्हणाल्या, घसा सर्दीनेही दुखतो आणि जंतूनेही दुखतो. जंतूचा असेल, वारंवार असेल, तर ऑपरेशनचा विचार करणं बरोबर. नुसत्या सर्दीसाठी टॉन्सिल काढून काय मिळणार? सर्दी नंतरही होणारच. म्हणजे आधी मोजायला हवं. त्यांनी एका साध्या वहीत रकाने आखायला सांगितले: तारीख, कधीपासून, ताप, खोकला, नाक, येण्याआधी काय दिलं. पुढच्या वेळी दुखेल त्याच दिवशी यायचं, कुठलीही गोळी न देता, मग काडी पाठवू.

मी मनात म्हटलं, झालं, आता घशाची रोजनिशी लिहा. तरी वही आणली.

ऑपरेशनला तीन आठवडे राहिले असताना लेक दारात उभी राहिली, गळ्याला हात. मी ‘परत?’ म्हणाले, सुस्कारा सोडला, पण या वेळी शहाण्यासारखी त्याच संध्याकाळी तिला घेऊन गेले. गोळी दिली नाही. वहीत लिहिलं: ‘आजपासून. आधी काही दिलं नाही.’ डॉक्टरबाईंनी टॉर्च लावला, मानेच्या गाठी चाचपल्या, ताप बघितला, काडी घेतली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कोरा.

‘बघा,’ मी जवळजवळ विजयाने म्हणाले. ‘मी सांगत नव्हते? यात काही सापडत नाही. काढून टाकणं हाच उपाय.’

त्या रिपोर्टकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, घशावर पांढरे ठिपके आहेत, गाठी दुखऱ्या, ताप आहे, खोकला नाही, नाक कोरडं. घसा एक सांगतोय आणि कागद दुसरं. मग मला म्हणाल्या, ‘तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय.’

मला बाहेर काढलं. मला, जिने तीन वर्षं हा घसा वाहिला. बाकावर माझ्या शेजारी एक बाळ रडत होतं आणि त्याची आजी मला विचारत होती की माझं मूल कुठे आहे. मी आत बोट दाखवलं. एवढ्या मोठ्या मुलीशी माझ्यामागे काय बोलायचं असतं, हे मला कळेना. माझा नुसता संताप होत होता. दहा मिनिटांनी दार उघडलं आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘घरी औषधांचा डबा आहे ना? तो घेऊन या.’

मी तडक गेले आणि डबा घेऊन आले. खोटं कशाला सांगू, रस्त्याने मला वाटत होतं की आता यांना कळेल मी किती व्यवस्थित बाई आहे. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. त्यांनी ‘घसा’ लिहिलेली पाकिटं बाहेर काढून एकेक पट्टी उलटी केली. भरलेल्या असायला हव्या होत्या त्या पट्ट्यांना मधे मधे भोकं होती. कुठे दोन गोळ्या गेलेल्या, कुठे तीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

‘मी घेतल्या,’ लेक म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला हिंदीत विचारलं, का. लेकीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघून बोलली, तेही मराठीत. तिचं मराठी इथलं, हिंदीच्या अंगाने जाणारं. एरवी घरी मी दर वाक्याला ते दुरुस्त करते.

‘मी सांगितलं की तू ‘परत?’ बोलते. मग असा मोठा श्वास सोडते. मला ते नको असतं. म्हणून दोन दिवस गोळी घेते मी. कधी कधी ठीक होऊन जातं. नाही झालं तरच तुला सांगते.’



‘काय म्हणाली?’ डॉक्टरबाईंनी मला विचारलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्या खोलीत ते आम्हा मायलेकींनाच कळलं होतं आणि आता ते हिंदीत सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी म्हणाले, ‘तिला मला त्रास द्यायचा नव्हता.’

‘असं नाही म्हटलं मी,’ लेक म्हणाली. हिंदी तिला माझ्याहून चांगलं येतं.

मग मी पहिल्यापासून, जसंच्या तसं सांगितलं. ‘परत?’ सकट, सुस्काऱ्यासकट. स्वतःवरचा आरोप स्वतःच्या तोंडाने परक्या भाषेत सांगताना फार हळू बोलावं लागतं, तेव्हा मला कळलं. मला लाज वाटली, आणि तिथे रडू नये म्हणून मी डब्याचं झाकण लावत बसले.

डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, दोन दिवस गोळी पोटात गेली की काडीवर काही वाढत नाही, म्हणून कागद कोरा. आणि अर्धं औषध म्हणजे आजार धड जातही नाही. किती वेळा खरा जंतू होता आणि किती वेळा नुसती सर्दी, हे आता मला सांगता येणार नाही, त्या सर्जनलाही नाही. मग त्यांनी स्टेथोस्कोप लावून तिचं हृदय नीट, बराच वेळ ऐकलं. असा घसा अर्धवट सोडला तर कधी कधी हृदयाला बाधतं, म्हणाल्या. तेवढा वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. सगळं ठीक होतं. या वेळचं औषध दहा दिवस, शेवटच्या गोळीपर्यंत, बरं वाटलं तरी.

सर्जनला फोन केला, झालं ते सांगितलं. तो सरळ म्हणाला, मग आधी मोजा, घाई नाही. ऑपरेशनची तारीख रद्द झाली. डबा मी दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानदाराकडे रिकामा केला. तो गोळ्या नष्ट करायला पाठवतो म्हणाला. नवऱ्याने मार्करची अक्षरं जाताना बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर बदलीची ऑर्डर आल्यासारखं दुःख दिसलं. लेकीने डबा क्लिपा ठेवायला मागून घेतला.

अष्टमीच्या सकाळी आमच्या गल्लीत ढाक, म्हणजे इथला पूजेचा ढोल, वाजत होता. लेकीचा नवा कुर्ता इस्त्री करून पलंगावर ठेवलेला, मैत्रिणी नऊला येणार होत्या. मी चहा टाकला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि गळ्याला हात लावून उभी राहिली.

तो ‘प’ माझ्या ओठांपर्यंत आला होता. देवाशपथ आला होता. चार महिन्यांची भुणभुण, नवा कुर्ता, आणि आजच? मी गॅस बंद केला, वळले.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘आत्ताच. उठल्यावर,’ ती म्हणाली. आवाज घोगरा. ‘नाकपण वाहतंय.’

चेंबर अर्थातच बंद होतं. माशीमा म्हणाल्या, देवीला फुलांची अंजली वाहायला डॉक्टरबाई पंडालात असणार, चला. तिथे लाल काठाची साडी नेसून, हातात फुलं घेऊन त्या उभ्या होत्या. त्यांनी अंजली पुरी केली, लेकीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्या मोबाइलच्या उजेडात घसा पाहिला. मान चाचपली, कपाळाला हात लावला. दोनदा खोकायला लावलं.

‘सर्दी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘अर्ध्या वस्तीला झाली आहे. काडी नको, गोळी नको. गरम पाणी प्यायचं. जा फिरायला, फक्त ओरडू नकोस.’

‘थंडी लागली,’ माशीमा म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं निदान बरोबर आलं होतं.

पोरगी नऊ वाजता मैत्रिणींबरोबर गेली, रुमाल घेऊन, घोगऱ्या आवाजात हसत. मी घरी येऊन गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि वही काढली, आजचं लिहायला. तिने जाण्याआधीच लिहून ठेवलं होतं. रकान्यांच्या बाहेर, समासात, तिच्या वाकड्या मराठी अक्षरात:

‘अष्टमी. सकाळी सहाला दुखायला लागलं. सहा वीसला आईला सांगितलं.’

ती मधली वीस मिनिटं ती पलंगावर त्या कुर्त्याशेजारी बसली असणार. काय विचार करत होती, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.